जबाबातली आई

१

मंगळवारी बाईंचं दुकान बंद असतं, हे सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होतं. त्या दिवशी बाई कुठे जातात हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. बाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा जोरात चालायची. पॅन्टची उंची कमी करायला आलेला माणूस "जरा लवकर द्याल का" म्हणाला, की "लवकर हवी होती तर लवकर आणायची होती" हे उत्तर ठरलेलं. तरी लोक मुकाट्यानं यायचे. बाईंनी बसवलेली चेन पुन्हा निघायची नाही आणि बाईंनी उलटवलेली कॉलर नवीकोरी वाटायची.

दुकान म्हणजे एक खोली. शिवणयंत्र, कापायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले लोकांचे कपडे, आणि मागच्या पडद्यापलीकडे खाट, शेगडी नि नळ. म्हणजे घरही तेच. नवरा गेला तेव्हा पोरगी नुकती चालायला लागली होती. याच खोलीत बाईंनी तिला वाढवलं, आणि मोठी झाल्यावर याच खोलीतून ती भांडून निघून गेली.

तर मंगळवारी बाई व्हिसा कार्यालयात जात. कशाला, तर स्वतःचे कागद मागायला.

"नकार दिलात ना मला?" काचेपलीकडच्या मुलीला त्या विचारत.

"हो बाई. अर्ज नामंजूर झालाय."

"मग माझे कागद द्या. मी नको, पण माझे कागद हवेत, ही कुठली तऱ्हा?"

"निर्णय झाल्यावर कागद कार्यालयाकडे राहतात. सगळ्यांचेच राहतात."

"अहो, त्यात फोटो आहे. पोरगी मांडीवर असतानाचा. तो एकच आहे माझ्याकडे."

"हो, तो आहे आत," मुलगी अगदी गोड आवाजात म्हणायची. "छान ठेवलाय."

आता यावर भांडायचं तरी काय? दगडाशी भांडता येतं, गोड बोलणाऱ्याशी नाही. बाई पिशवी काखेत मारून परत यायच्या, आणि दिवसभर बंद दुकानात दिवा न लावता बसून राहायच्या.

२

लेक परदेशात होती. तिकडेच लग्न केलेली, वाढदिवसालासुद्धा कधी फोन न केलेली. मग एका दुपारी, हा नकार यायच्या बऱ्याच आधी, यंत्रावर ठेवलेला फोन वाजला.

"आई, मला दिवस गेलेत."

बाईंच्या तोंडून "बरं" एवढंच निघालं. जन्मभर हेच झालं होतं. आत खूप काही असायचं आणि बाहेर यायचं ते "बरं".

मग लेक म्हणाली, "येशील का बाळंतपणाला?"

बाईंनी हातातली सुई कापडातच टोचून ठेवली, पडद्यामागे गेल्या आणि नळ सोडून रडल्या. नळ अशासाठी की शेजारच्या चहावाल्याला ऐकू जायला नको. त्या पोरीनं आईकडे काहीतरी मागितलं होतं. आता ते द्यायचं, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर.

अर्ज भरून द्यायला एक एजंट होता. गल्लीत त्याला सगळे 'होऊनजाईल' म्हणायचे, कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर तेच. झेरॉक्सच्या दुकानावर त्याची खोली होती.

"मावशी, जन्मदाखला काय, कुणीही आणतं," तो म्हणाला. "आई ही आईसारखी आहे का, हे ते लोक बघतात. म्हणून आईनं वेगळा जबाब द्यायचा, मुलीनं वेगळा. दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले की होऊन जाईल."

दोन्ही जबाब जुळवायचे म्हणून त्यानं लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. लेक सांगायला लागली. आई फार शांत स्वभावाची आहे. मी रडले की कामं टाकून मांडीवर घ्यायची. केस विंचरताना गाणं म्हणायची. तापात रात्रभर उशाशी बसून असायची. तिनं कधी हात उगारला नाही.

"अगं ए!" बाईंना राहवेना. "मी कधी गाणं म्हटलंय? आणि हात उगारला नाही? लाकडी पट्टी मोडली होती तुझ्या पाठीत!"

"लिहू दे ना, आई. त्यांना कुठे माहीत आहे?"

"बरोबर आहे मावशी," होऊनजाईल लिहिता लिहिता म्हणाला. "आपल्याला व्हिसाशी मतलब."

खोटं बोलल्याचं बाईंना फारसं वाटलं नाही. सगळेच थोडं वाढवून सांगतात. टोचलं ते वेगळंच. पोरगी एकदाही अडखळली नव्हती. कितीतरी वर्षं मनात घोकून ठेवल्यासारखं तिनं घडाघडा सांगितलं होतं.

मग कार्यालयात हजेरी. मूळ कागद, फोटो, शाळेची प्रगतिपुस्तकं, सगळं काचेखालून आत गेलं. बोटांचे ठसे घेणारा माणूस वैतागला, कारण सुईनं बाईंची बोटं झिजून गुळगुळीत झाली होती. शेवटी आवाज. एका बंद खोलीत कानाला हेडफोन लावून, मायक्रोफोनपुढे बसवून त्यांना स्वतःचा जबाब वाचायला लावला.

बाईंनी तो दरपत्रक वाचावं तसा वाचला.

"परत एकदा," कानात आवाज आला. "जरा मायेनं वाचा."

बाईंनी परत वाचला. परत तेच. शेवटी 'मी तिला मांडीवर घ्यायची' या वाक्याला त्यांचा घसा दाटून आला, नि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"हं, हे चाललं," कानातला आवाज म्हणाला. "हे ठेवून घेतो."

३

नकार आल्याचं बाईंनी लेकीला सांगितलं नाही. तिचं ब्लडप्रेशर वर-खाली होत होतं, डॉक्टरांनी निवांत राहायला सांगितलं होतं. बाईंचा विचार असा, की कागद परत मिळाले की दुसऱ्यांदा अर्ज करू, आणि एकदम तारीखच सांगू. तोवर ती विचारेल तेव्हा 'येतंय उत्तर, येतंय' म्हणून दिवस ढकलायचे.

गंमत म्हणजे ते खोटं बोलायची वेळच आली नाही.

आधी लेक रोज दुपारी फोन करायची, म्हणजे तिच्याकडे सकाळ असायची, आणि पहिला प्रश्न तारखेचा असायचा. नकार आला त्या आठवड्यापासून तिनं तारीख विचारणं सोडलं. फोनही कमी झाले. बाई स्वतःहून करायच्या, तेव्हा ती गडबडीत असल्यासारखी बोलायची. पण आवाज कसा? निवांत. पोटभर झोप झालेल्या माणसाचा.

"जेवतेस ना नीट?" बाई विचारत.

"हो गं. सगळं आयतं हातात मिळतंय."

"जावई करतो वाटतं?"

"तो आणि..." लेक म्हणायची, आणि मग दुसरंच काहीतरी बोलायची.

एका दुपारी होऊनजाईल खिशाची पट्टी फाटलेला आपला कोट घेऊन दुकानात आला होता. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला, कारण हात कामात होते. पलीकडे कुणीतरी गुणगुणत होतं. दुसऱ्या खोलीत भांडी पुसता पुसता बायका गुणगुणतात तसं, शब्द न कळणारं.

"टीव्ही बंद कर गं, ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"टीव्ही नाहीये चालू," लेक म्हणाली, आणि गुणगुणणं थांबलं.

फोन ठेवल्यावर होऊनजाईल हसत म्हणाला, "मावशी, तुमच्या फोनला एको येतोय. मागे तुमचाच आवाज वाजत होता."

"माझा?"

"तुमचाच की. स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही, पण मी रोज ऐकतो ना. तुम्ही गाता छान, मावशी. आम्हाला कधी ऐकवलं नाहीत!"

"मी गात नव्हते," बाई म्हणाल्या. "मी तुझा खिसा शिवत होते."

होऊनजाईलनं खिसा बघितला, बाईंकडे बघितलं, आणि म्हणाला की एकोच असणार, या कंपनीचं नेटवर्क मुळातच फालतू आहे. बाईंनी मान हलवली. एको म्हणजे आपण बोललेलं परत येतं, हे त्यांनाही माहीत होतं. न बोललेलं कसं परत येईल? पण नेटवर्क फालतू होतं हेही खरंच होतं, म्हणून त्यांनी दोरा तोडला आणि तो विषय बाजूला टाकला. त्या रात्री शेगडीपाशी उभं राहून त्यांनी गुणगुणून बघितलं. सूर लागेना. स्वतःचाच राग येऊन त्या गप्प बसल्या.

४

पुढच्या मंगळवारी त्यांनी कागद परत मिळण्यासाठी रीतसर अर्ज दिला. होऊनजाईलनंच ही वाट काढली होती. काचेमागची मुलगी पहिल्यांदाच जरा गोंधळली.

"परत हवेत? खरंच?"

"नाहीतर काय थट्टा करायला येते का मी इथे?"

"बसा. आत विचारून येते."

वाट बघायची खोली लांबट होती. जमिनीला स्क्रूनं पक्क्या केलेल्या खुर्च्या, उंचावर एकच खिडकी, आणि आतून कुठूनतरी येणारी मशीनची घरघर. बाईंच्या शेजारी स्वेटर घातलेले एक म्हातारे काका बसले होते. दर मंगळवारी ते असायचे. हातात काही नसायचं, ते खिडकीवरही जायचे नाहीत.

"तुमचेही ठेवून घेतले का?" बाईंनी विचारलं.

"हो ना. मुलाकडे जायचं होतं. नातू आहे."

"मग मागत का नाही?"

काका हसले. दात घालायचे राहून गेले होते, त्यामुळे ते हसू लहान मुलासारखं दिसलं. "मागे एकदा मुलाला फोन केला. नातवानं उचलला. मी म्हटलं, अरे, मी आजोबा बोलतोय. तर तो म्हणाला, आजोबा आंघोळीला गेलेत."

बाईंनी मांडीवरची पिशवी उगाच सरळ केली.

"मी म्हटलं, बरं. बाहेर आले की सांग, फोन आला होता." काकांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "कोण म्हणून सांगू, असं विचारलं त्यानं. काय सांगणार?"

"तुमच्या व्याह्यांपैकी कुणी आलं असेल," बाई जोरात म्हणाल्या. "त्यांनाही आजोबाच म्हणतात. पोरांचं काय धरून बसता?"

"तसंच असेल."

"मग इथे सारखं कशाला येता?"

"घरात फार शांत वाटतं हो," काका म्हणाले. "इथे निदान आत आहे ना, माझं सगळं."

म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं, बाईंनी स्वतःला समजावलं. तेवढ्यात मुलगी खिडकीशी परत आली. फाइल सध्या जागेवर नाही, ती म्हणाली. बाहेर आहे. परत मागवायला वेळ लागेल.

"बाहेर म्हणजे कुठे?"

मुलीनं त्यांच्याकडे जरा नवलानं बघितलं. "तुम्ही जिथे जायचं म्हणून अर्ज केला होता, तिथेच ना," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

५

तपासणीला पाठवली असेल तिकडच्या कार्यालयात, असं म्हणून बाई घरी आल्या. असं म्हणता येत होतं, तोवर बरं होतं.

पण मनात एक किडा वळवळायला लागला, आणि तो साधा, बायकी किडा होता. पोरीनं मदतीला दुसरी कुणी बाई ठेवलीय. आपल्याला सांगत नाही, कारण आपण चिडू. त्या बाईचा आवाज आपल्यासारखा असेल, त्यात काय? जगात आवाजांना काय तोटा आहे? बाईंना मत्सर वाटला. मत्सर वाटला म्हणून हायसंही वाटलं, कारण मत्सर करायला समोर माणूस असावा लागतो, आणि माणूस असेल तर घाबरायचं कारण नाही.

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. एरवी लेक टाळायची. त्या दिवशी तिनं उचलला, बहुतेक चुकून.

ती उशांना टेकून बसली होती. गाल भरले होते. मागे खिडकी, खिडकीत उजेड. केस मोकळे सोडलेले.

"छान दिसतेस," बाई म्हणाल्या, आणि हे वाक्य आपल्याच तोंडून निघाल्याचं त्यांना नवल वाटलं.

"तू थकलेली दिसतेस, आई. अंधारात का बसलीस?"

बाई दिवा लावायला उठणार, तेवढ्यात फोनच्या पडद्यावर कडेनं एक हात आला. लेकीच्या केसांत कंगवा घातला आणि हळूच खाली ओढला. गुंता आला तिथे थांबला. केस मुळाशी धरून, दुखणार नाही असा, एकेक पीळ सोडवत बसला. कुठलीही घाई नव्हती त्या हाताला. जगात दुसरं कामच नसावं असं चाललं होतं. लेकीनं डोळे मिटले.

बाई बघत राहिल्या. याच पोरीचे केस त्या रोज सकाळी गुडघ्यांत डोकं दाबून ओढायच्या, कारण दुकान उघडायचं असायचं, नि ती किंचाळायची. त्यांच्या हाताखाली तिनं असे डोळे कधी मिटले नव्हते.

हात पुन्हा वर गेला, खिडकीच्या उजेडात. बाईंना पहिल्या बोटाचं नख दिसलं. उभं चिरलेलं. मधोमध, मुळापर्यंत. मशीनची सुई आरपार गेली की नख असंच येतं, पुन्हा कधी जुळत नाही.

बाईंनी स्वतःचं तेच बोट मुठीत झाकून घेतलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ती कोण आहे?" त्यांनी विचारलं.

लेकीनं दचकून डोळे उघडले, फोन उचलला, चित्र गरकन फिरलं, छत दिसलं. "मदतीला आहे," ती म्हणाली. "नंतर करते, आई." आणि कॉल बंद.

शिवणाऱ्या बायका जगभर आहेत, बाईंनी मनाशी म्हटलं. सुया सगळ्यांच्याच बोटांतून जातात. हे त्या मोठ्यानं म्हणाल्या, रिकाम्या दुकानात, भिंतीवरच्या कपड्यांना. मग दार नीट लावलंय का, ते जाऊन बघून आल्या.

६

मुलगी झाली. लेकीचा फोन सकाळी आला. बाई एका ग्राहकाला कोट चढवून बघत होत्या. कोट तसाच त्याच्या अंगावर टाचण्यांसकट ठेवून त्या पडद्यामागे गेल्या.

"कशी आहे?" एवढंच विचारता आलं.

"गोड आहे. कपाळ तुझं आहे."

"तू बरी आहेस ना?"

"टाके आहेत. आठवडाभर तरी उठायचं नाही म्हणतात."

बाईंना रडू फुटलं. या वेळी नळ सोडायचं सुचलं नाही, आणि रडता रडता सगळं बाहेर आलं. "माझ्यावर रागावू नकोस. मी तुला सांगितलं नाही. मला व्हिसा नाही मिळाला गं. कधीच नकार आलाय. मी इथंच आहे, दुकानात. मी येऊ नाही शकले तुझ्याकडे."

दूर एक बाळ कुरकुरलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

"मला माहीत आहे, आई," लेक हळूच म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू तिथेच आहेस ते. विमानतळावर ती भेटली ना, तेव्हाच कळलं मला. तिनं मला बघितल्या बघितल्या जवळ घेतलं."

बाई खाटेवर बसल्या. पडद्यापलीकडे ग्राहक खाकरला.

"कोण आहे गं ती?"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा, बाळाला घेऊन."

"तिला घराबाहेर काढ!" बाई ओरडल्या. "लाज नाही वाटत तुला? आई म्हणून कुणालाही घरात घेतेस? मी कागद परत मागितलेत माझे. मिळाले की दुसरा अर्ज करते. मी येते."

"नको."

हे 'नको' असं आलं, की बाई मध्येच थांबल्या. भांडताना पोरगी मोठ्यानं बोलायची, लहानपणापासून. हे 'नको' अगदी हळू होतं. ती गयावया करत होती.

"नको ना, आई. कागद मागू नकोस. तुला काय करायचेत ते? आपण जसं लिहिलं होतं ना, ती तशीच आहे. अगदी तशीच. मला फक्त... मला थोडे दिवस हवंय ते. मला कधीच नव्हतं मिळालं."

बाईंना उत्तर द्यायचं होतं. पोट भरायला कोण बसलं होतं यंत्रावर, रात्र रात्र, हे विचारायचं होतं. तुझ्या तापाच्या रात्री मी जागीच होते गं, शिवत होते, तुझ्या खाटेपासून हातभर अंतरावर, हे सांगायचं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

७

तुम्ही म्हणाल, लेकीनं एवढं विनवलं, तर बाईंनी सोडून द्यायचं. पण बाईही माणूसच होत्या. रात्री खाटेवर पडल्या की आपलं काहीतरी दुसरीकडे जागं आहे, असं त्यांना वाटायचं. आपल्यातली जी काही माया असेल नसेल ती तिकडे खर्ची पडतेय, आणि इथे उरलाय तो नुसता फणकारा. तो फोटो माझा आहे, नाव माझं आहे, नातही माझी आहे. कुणाच्या बापाची भीती आहे मला? म्हणून कार्यालयातून 'कागद आलेत, येऊन न्या' असा निरोप आला, तेव्हा मंगळवारची वाटही न बघता त्यांनी शटर खाली ओढलं.

काकांची खुर्ची रिकामी होती. काचेमागच्या मुलीनं आतून गठ्ठा आणला. पुठ्ठ्यात बांधलेला, वर बाईंचा फोटो डकवलेला. तिनं तो काचेखालच्या फटीतून अर्धा बाहेर सरकवला आणि तसाच धरून ठेवला.

"ओढून घ्या. तुम्ही स्वतः घेतलेत की झालं."

बाईंनी हात लावला. गठ्ठा कोमट होता. इतका वेळ कुणीतरी अंगाशी धरून बसल्यासारखा कोमट. पुठ्ठ्याला बाळाच्या पावडरीचा वास येत होता. बाईंनी दात आवळले आणि ओढला. तो बोटभर आला, आणि पिशवीतला फोन वाजायला लागला.

त्यांनी एका हातानं फोन कानाला लावला. दुसरा गठ्ठ्यावरच होता.

"आई, काय करते आहेस तू?" लेकीचा आवाज चिरका झाला होता. "आई, तू काय करतेस तिकडे?"

"का? काय झालं?"

"तिला उभं राहता येत नाहीये. जिन्यात आहे ती, मधल्या पायरीवर, भिंतीला टेकलीय. बाळ तिच्याकडे आहे, आई!"

"बाळाला खाली ठेव म्हणावं! तू जा ना, घे तिच्याकडून!"

"मी पलंगावरून ओरडतेय कधीची, ऐकू येत नाहीये तिला. मला उठवत नाहीये. दारातून दिसतेय मला. तिचे हात..." लेक रडायलाच लागली. "मला तिचे हात नीट दिसत नाहीयेत, आई. बाळाखाली काही दिसत नाहीये मला."

बाईंनी हात काढला नाही. एक क्षण, दोन क्षण. हे कबूल करायला हवं, की त्या क्षणात त्यांनी गठ्ठा आणखी घट्ट धरला. कोमटपणा आता कमी होत चालला होता, तळहाताला कळत होतं. कानात लेकीचं रडणं होतं, आणि त्याच्याही मागे, लांब, बाळ रडत होतं. नातीचं रडणं त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

मग त्यांनी गठ्ठा दोन्ही बाजूंनी नीट धरला, कोपरे सरळ केले आणि काचेखालून पूर्ण आत ढकलला.

"नकोत?" मुलीनं विचारलं.

"ठेवा."

"मग पुन्हा मागता यायचे नाहीत."

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "ठेवून घ्या."

मुलगी गठ्ठा उचलून आत गेली. बाई फोन कानाशी दाबून तिथेच उभ्या राहिल्या. मागच्या माणसानं "झालं का तुमचं?" म्हणून विचारलं, तेव्हा त्या जरा बाजूला सरकल्या, इतकंच. पलीकडे पावलांचा आवाज आला. जिन्यावरून वर येणारी, सावकाश, नीट पडणारी पावलं. बाळाचं रडणं जवळ आलं, मग थांबलं.

"आली?" बाईंनी विचारलं.

"आली," लेक म्हणाली. तिचा श्वास अजून ताळ्यावर नव्हता. "बाळ ठीक आहे. त्याला काही कळलंसुद्धा नाही. झोपलं बघ लगेच."

"बरं झालं." बाईंनी डोळे पुसले. मागायचं त्यांना कधी जमलं नव्हतं, पण आता जमवलं. "मला एकदा नात दाखव ना गं. लांबूनच दाखव. मी काही बोलणार नाही."

लेक काहीतरी म्हणणार होती. तेवढ्यात तिच्या अगदी जवळून एका बाईनं विचारलं, "कुणाचा फोन गं?"

"कुणाचा नाही, आई," लेक म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.